धुतलेला पराक्रम

सकाळी डागोबा डोळे चोळत बाहेर आला तेव्हा त्याची आई एका फौजी शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. शर्ट स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की तो कुठला हे ओळखायला डागोबाला चहाचे दोन घोट लागले. तिसरा घोट ठसक्यात गेला.

डागोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. एका हिंदी युद्धपटाच्या कपडेपटात तो कामाला होता आणि शिंप्याकडून आलेले कोरे करकरीत गणवेश मळवणं हे त्याचं काम होतं. चिखल, घाम, काजळी, तेल, रक्त, जे लागेल ते आणि जिथे लागेल तिथे. आजवर तो कुणाच्या तरी हाताखाली डाग पाडत असे. या सिनेमात पहिल्यांदाच सगळे डाग त्याच्या एकट्याच्या भरवशावर होते. आईने नातेवाइकांत ‘मुलगा कपड्यांच्या लाइनीत आहे’ एवढंच सांगून ठेवलं होतं. “मी जन्मभर याच्या कपड्यांचे डाग काढले आणि हा डाग पाडून पोट भरतो,” हे ती फक्त सुनेला ऐकवायची.

सिनेमा सत्य घटनेवर आधारित होता. एका मेजरने खांद्यात गोळी घेऊन एक पूल राखला होता, त्याची ती गोष्ट. ते मेजर आता बरेच म्हातारे झाले होते आणि सल्लागार म्हणून रोज सेटवर छत्रीखाली बसून असायचे. त्यांना सल्ला कुणी विचारत नसे. त्यांचा त्या दिवशीचा शर्ट मात्र संग्रहालयात काचेच्या पेटीत होता. त्याचा मोठा फोटो दिग्दर्शकाने कपडेपटात टांगला होता. हीरोच्या शर्टावरचा प्रत्येक डाग फोटोबरहुकूम हवा, हा त्याचा हुकूम. “एक डाग जरी इकडचा तिकडे झाला, तरी तू इकडे दिसणार नाहीस,” असं त्याने डागोबाला बजावलं होतं.

हीरोसाठी त्या शर्टाच्या दोन प्रती होत्या. एक स्फोटाच्या दृश्यात ठरल्याप्रमाणे जळली. दुसरी घालून हीरोने काल अर्धं दृश्य दिलं होतं आणि उरलेलं अर्धं आज द्यायचं होतं. मागच्याच आठवड्यात लाँड्रीवाल्याने सेटवरून शत्रुसैन्याचं मळवलेलं गाठोडं चुकून उचललं होतं आणि शत्रू दुसऱ्या दिवशी आघाडीवर लग्नाला आल्यासारखा उभा राहिला होता. म्हणून काल डागोबाने शर्ट जपून घरी आणला. घरी लाँड्रीवाला नव्हता, पण आई होती.

“आई, हा धुतला कुणी?”

“शेजारणीने,” आई म्हणाली. “कोण धुणार? न जेवता पडलास ढाराढूर. पिशवी उघडली तर रक्त. झोपेत तुझा खांदा चाचपून बघितला. तू धड आहेस म्हटल्यावर कपड्याकडे वळले.”

“अगं, ते खोटं रक्त होतं.”

“खोटं असेल, पण निघताना खऱ्याच्या वरताण होतं. खांद्याला भोक पडलं होतं, तेही रफू केलंय.”

“गोळीचं भोक होतं ते.”

“मग? गोळीचं म्हणून तसंच घालून हिंडायचं का?”

डागोबाने बायकोला हाक मारली. तिने कॉफी, तेल आणि कुंडीतली माती आणली. रक्ताची बाटली सुदैवाने पिशवीत होती. संग्रहालयाचा फोटो सेटवर होता, म्हणून शर्ट पाटावर पसरून तो मोबाइलमधले कालचे फोटो बघत बसला. फोटोत हीरोचा चेहरा सगळीकडून होता, पण शर्टाची डावी बाजू सावलीत होती आणि पाठ कुणी काढलीच नव्हती.

आई पाठ करून बसली. धुतलेल्या कपड्यावर माती पडताना तिला बघवणार नव्हतं. पण थोड्या वेळाने न राहवून तिने मान वळवली.

“तिथे नव्हता.”

“काय नव्हतं?”

“तेलाचा डाग. खिशाच्या दोन बोटं खाली होता. घासून घासून माझी नखं झिजली, मला ठाऊक नसेल?”

मग ती सांगत गेली आणि तो पाडत गेला. बाहीवरचा चिखल कोपराच्या मागे होता, पुढे नव्हता. रक्ताचा मोठा डाग खाली जाताना बटणांच्या पट्टीपाशी अडला होता. पाठीवर घामाची रेघ होती, ती वाकडी होती. रफू मात्र डागोबाला काही केल्या सापडेना. शेवटी आईनेच बोट फिरवून ती जागा काढली, कात्रीने उसवली आणि कात्री आपटून आत गेली. हातची वस्तू स्वतः मोडावी लागल्याचं तिला खरोखर वाईट वाटलं होतं. डागोबा निघाला तेव्हा ती दाराशीही आली नाही.

सेटवर कंटिन्यूइटीवाल्या बाईंनी शर्ट तपासला. कालचं आजशी जुळतं की नाही हे बघणं एवढंच त्यांचं काम, आणि त्यात त्या सख्ख्या भावालाही सोडत नसत. पुन्हा पुन्हा पाहून त्या म्हणाल्या, “ठीक आहे.” डागोबाचा जीव भांड्यात पडला.

हीरो खंदकात कोसळला. हवालदाराने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. छातीवरच्या रक्ताकडे बघत हीरो म्हणाला, “माँ से कहना, ये दाग़ कभी न धोए।” आणि तेवढ्यात ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन काढला.

“शर्ट वाजतोय,” तो म्हणाला. “हा हलला की नुसता कागद चुरगाळल्याचा आवाज येतोय.”

दिग्दर्शक जवळ गेला. मरणाच्या दारात असलेल्या मेजरची कॉलर कानापर्यंत ताठ उभी होती. त्याने ती दोन बोटांत दाबून पाहिली.

“याला खळ कुणी घातली?”

“आईने,” डागोबा म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “तिने रात्री धुतला. डाग मी सकाळी परत पाडले.”

“देशाने काचेत जपलेला शर्ट आहे तो. सत्य घटना आहे ही. आणि तू तिला आईकडून इस्त्री करून आणतोस?” दिग्दर्शकाचा आवाज चढत गेला. “पेटी उचल तुझी. उद्यापासून येऊ नकोस.”

डागोबा पेटीकडे वळला. छत्रीखालून मेजर खाकरले.

“त्याला कशाला रागावता? माझ्याही आईने धुतला होता.”

दिग्दर्शकाने वळून छत्रीकडे पाहिलं.

“मी इस्पितळात होतो. कपडे घरी पाठवले होते. मी घरी गेलो तेव्हा शर्ट धुऊन, खळ घालून, भोक रफू करून कपाटात ठेवलेला. पुढे संग्रहालयवाले आले. ते म्हणाले, असा स्वच्छ चालत नाही, लोकांना पटणार नाही. मग त्यांनी या मुलासारखाच एक माणूस आणला.”

“म्हणजे काचेतले डाग…” दिग्दर्शक म्हणाला.

“त्याने पाडलेले. मला विचारायचा, कुठे काय होतं. मला काय ठाऊक? मी बेशुद्ध होतो. आईच शेजारी बसून सांगायची, इथे नाही, थोडा वर. तिला सगळे पाठ होते. मी जिवंत आहे की नाही हे कळायच्या आधी धुतला होता तिने तो.”

“पण मग हवालदाराला तुम्ही जे म्हणालात… दाग़ कभी न धोए…”

“ते तुमचे लेखक म्हणाले,” मेजर शांतपणे म्हणाले.

दिग्दर्शकाने हीरोची कॉलर पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग त्याने डागोबाला विचारलं, “खळ कशी जाते?”

“शर्ट पाण्यात घातला की. पण मग डागही जातात.”

निर्मात्याची गाडी आईला आणायला गेली. तिने सेटवरच बादली मागून शर्ट पिळून काढला, दिव्यांच्या उष्णतेवर वाळवला आणि मेजरांच्या शेजारच्या खुर्चीत बसून मुलाला पुन्हा एकेक डाग सांगितला. या वेळी तिने पाठ केली नाही. भोकही डागोबाला एका झटक्यात सापडलं, कारण ते तिने बुजवलं नव्हतं.

दृश्य झकास झालं. हीरोचं वाक्य संपलं तरी दिग्दर्शकाला ‘कट’ म्हणायचं सुचेना. दिवे धरणारे नाक ओढत होते. आईच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पदराने पुसत ती उठली आणि सरळ हीरोपाशी गेली.

“काढ बाळा तो.”

“मावशी, उद्या याचा क्लोजअप आहे,” कंटिन्यूइटीवाल्या बाई घाईघाईने आडव्या आल्या.

“मग उद्या परत पाडू. रात्रभर मळका ठेवतात का कुठे? मी आहे ना सांगायला.”

दिग्दर्शकाने आधी डागोबाकडे पाहिलं, मग मेजरांकडे. मेजर काठी टेकत उठले.

“दे रे काढून,” ते हीरोला म्हणाले. “यात वाद घालून उपयोग होत नाही.”