बोरस्त्यांची जनरल शिफ्ट

समस्त सोसायटीकरांना, दूधवाल्याला आणि जिन्यात झोपणाऱ्या मांजरीला कळवण्यात येते की, नाशिक रोड येथील आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बोरस्त्यांच्या मागच्या बेडरूममध्ये रोज सकाळी बरोबर साडेआठ वाजता जनरल शिफ्ट सुरू होते. त्या वेळी कोणीही जिना अडवू नये. कामगार आत येत असतात.

कामगार एकच आहे. बोरस्ते.

हे माझ्या समोरच्या दारातले शेजारी. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग मोजून पास-नापास केले. संक्रांतीनंतर राजीनामा दिला आणि तेच काम स्वतःचं म्हणून घरी सुरू केलं. छोट्या वर्कशॉपवाल्यांनी माल आणायचा, यांनी मोजायचा आणि सही-शिक्क्यानिशी रिपोर्ट द्यायचा.

नोकरी सुटली, पण कारखाना सुटला नाही. सव्वाआठला हा गृहस्थ निळा शर्ट, जाडजूड बूट आणि गळ्यात ओळखपत्र अशा थाटात डबा घेऊन घराबाहेर पडतो, स्कूटरवरून कॉलनीला एक वळसा घालतो आणि स्वतःच्याच घरी कामावर येतो. ओळखपत्र माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केलंय. दारामागे मस्टर टांगलेलं आहे. एकदा चार मिनिटं उशीर झाला तर त्यांनी स्वतःच्या नावापुढे लाल शेरा मारला. मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी रजेचा रीतसर अर्ज लिहिला आणि तो नामंजूर केला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणसं कमी आहेत हो."

"अंदाज नको, माप सांगा," हा त्यांचा मंत्र. भाजीवाली मूठभर कोथिंबीर म्हणाली की हे विचारणार, कोणाची मूठ? आमच्याकडे जेवायला आले तेव्हा खिशातून व्हर्नियर काढून त्यांनी भाकरी मोजली आणि कडेला ती अर्धा मिलिमीटर जाड असल्याचं माझ्या बायकोला नम्रपणे कळवलं. ती अजून त्या विषयावर बोलते.

सुनंदावहिनी देवळाली कॅम्पला शाळेत शिकवतात. नवऱ्याचा सगळा तमाशा त्यांनी हसून चालवून घेतला होता. एकच गोष्ट त्यांना खुपत होती. संध्याकाळी घरी येऊन डबा उघडला की पोळ्या जशाच्या तशा. बोरस्ते वाळत चालले होते. धंद्याच्या काळजीनंच अन्न जात नाही, असं वहिनींनी ठरवलं. जुन्या साहेबांनी दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवली होती. गणपती उठले त्या दिवशी वहिनींनी निर्वाणीचं सांगितलं, डबा असाच उरला तर दसऱ्यानंतर पुन्हा अंबड.

मला नवल वाटलं, कारण काम तर वाढत होतं. जिन्यात रोज कोणी ना कोणी जड पिशवी घेऊन भेटायचं.

माझं दुकान दुपारी एकला बंद होतं. एकदा रिपोर्टच्या प्रती द्यायला मी त्या वेळेला त्यांच्याकडे गेलो. डबा उघडा होता आणि बोरस्ते मांडीवर हात ठेवून त्याच्यासमोर नुसते बसले होते. खूप खोदून विचारलं तेव्हा बोलले. अंबडला नऊ जण गोल करून जेवायला बसायचे. नियम असा, की पहिला घास स्वतःच्या डब्यातला घ्यायचा नाही. शेजाऱ्याच्या डब्यातला घ्यायचा. बावीस वर्षं.

"आता डबा उघडतो," ते म्हणाले, "आणि बसून राहतो. हातच पुढे जात नाही."

वहिनींना का सांगत नाही, असं मी विचारलं.

"ती नोकरी सोडून घरी बसेल. तिला तिची पोरं आवडतात शाळेतली."

मी प्रती टेबलावर ठेवल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी माझा डबा घेऊन हजर झालो. त्यांनी आधी माझी गवार खाल्ली, त्यात मीठ अंदाजानं घातल्याचं जाहीर केलं आणि मग तीन पोळ्या संपवल्या. आठवड्याभरात दोन वर्कशॉपवालेही माल घेऊन नेमके जेवायच्या वेळेला येऊ लागले, आपापल्या डब्यांसकट.

रिकामा डबा बघून वहिनी चक्रावल्या. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. मी सगळं सांगून टाकलं. वहिनी कोरडा झालेला डबा पुसत राहिल्या.

दसऱ्याला आम्ही सोनं द्यायला गेलो, तर मोजायच्या हत्यारांना झेंडू वाहून पूजा मांडली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. स्पीकर चालू होता. कधी रुजू होताय, त्यांनी विचारलं. बोरस्ते फोन हातात धरून वहिनींकडे बघत राहिले. पुरणाच्या हातानंच वहिनींनी तो ओढून घेतला.

"साहेब, ते नाही येणार," त्या म्हणाल्या. "ते आता घरी जेवतात."