सशाची हाकेसरशी सेवा

एका जंगलात म्हातारे फार झाले होते, बाळांनो. तरणी पोरं नदीपल्याडच्या जंगलात मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली होती. तिथून दर रविवारी पोपटाकरवी निरोप यायचा, "आई, तब्येतीला जप. धावपळ करू नकोस."

हे पाहून लगबगे नावाच्या सशाच्या डोक्यात एक कल्पना आली. सशाच्या डोक्यातली कल्पना पायात उतरायला वेळ लागत नाही. त्याने सिंहाच्या दरबारातली कायमची नोकरी सोडली आणि पिंपळाला पाटी लावली : 'हाकेसरशी सेवा. आजी-आजोबांची बाहेरची सगळी कामं.'

"डोकंबिकं फिरलंय का तुझं?" दरबारातला हेडक्लार्क कोल्हा म्हणाला. "कोजागरीपर्यंत जागा धरून ठेवतो. मग ये शेपूट घालून."

सशाचं शेपूट ते केवढं! पण ते या कोल्ह्यासमोर घालायचं नाही, असं लगबगेने ठरवलं.

धंदा दणक्यात सुरू झाला. हत्तीणआजी म्हणाल्या, "बाळा, चार कोवळी दोडकी आण हो." त्यांचं पान खाऊन होण्याच्या आत दोडकी दारात हजर! कासवआजोबांना दरबारात हयातीचा दाखला द्यायचा होता. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत असं दरवर्षी कळवायचं, नाहीतर दरबार शिधा बंद करतो. लगबगेने ते काम ओळखीने तासाभरात उरकलं.

ओढ्याकाठी त्याची आई राहायची. जाता-येता ती हाक मारी, "अरे, मलाही दोडकी आण ना!"

"आई, आज पंधरा आज्या आहेत गं. उद्या नक्की!"

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत एकेक करत सगळी गिऱ्हाइकं गळाली. उरल्या एकट्या हत्तीणआजी. कोजागरीला राहिले दोन दिवस. लगबगे रडकुंडीला आला.

"आजोबा, माझं काही चुकलं का हो?" त्याने कासवाला विचारलं.

"चुकलं नाही ना, तेच तर!" आजोबा म्हणाले. "त्या रांगेत मी दरवर्षी तीन दिवस उभा राहायचो. घोरपड भेटायची, साळिंदर भेटायचा. यंदा कोण कोण उरलंय ते कळायचं. तू तासाभरात परत! मग मी त्या तीन दिवसांचं काय करू?"

लगबगेचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. त्या भरात त्याने हाताला लागली ती दोडकी उचलली आणि हत्तीणआजींपुढे ठेवली. जून, वातड.

आजींनी एक सोंडेत धरलं. त्यांचे डोळे लकाकले.

"ही दोडकी? अरे मेल्या, ह्याने पाठ घासता येईल माझी!"

मग आजी तासभर बोलल्या. कुंपणावरून गेंडीणकाकूंना बोलावून त्यांनाही दोडकं दाखवलं. शेवटी स्वतःच पिशवी घेतली. "चल, कशी घ्यायची ते दाखवते. तुम्हाला कुणी शिकवलंच नाही!" पंधरा दिवसांत त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. बाजारात त्यांनी एकूण एक दोडकं दाबून पाहिलं, माकडिणीशी भांडल्या आणि घरी येऊन चार घास जास्त जेवल्या.

"उद्या ये हं," त्या म्हणाल्या. "आणि जरा नीट आणत जा!"

लगबगे काही खुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो कासवाकडे गेला. "आजोबा, दाखल्यात घोळ झालाय. तुम्हालाच रांगेत उभं राहावं लागेल."

"मला वाटलंच होतं! आजकालच्या पोरांना एक काम धड येईल तर शपथ!" असं म्हणत आजोबा उड्या मारत निघाले. कासवाच्या मानाने उड्याच.

कोजागरीपर्यंत लगबगेची वही भरली. खुद्द कोल्ह्याने आपल्या वडिलांचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी लगबगेने वही उघडली. शेवटचं नाव होतं : ओढ्याकाठची ससीण. काम : दोडकी.

लगबगे वरमला. मग त्याने अख्खा बाजार धुंडाळून चार जून दोडकी निवडली. आईसाठी खास, पार लाकडासारखी.

आईने ती चिरली, शिजवली आणि चावत बसली.

"आई, जून आहेत गं," लगबगे म्हणाला. "ओरड ना मला!"

"छान आहेत की," आई म्हणाली. "आणि ओरडून झालं की तू जातोस म्हणे. म्हणून नाही ओरडले."

लगबगेचे कान पडले. नऊ आज्या वाट पाहत होत्या. तो आईजवळ खाली बसला.

त्या दिवशी हाकेसरशी सेवा पहिल्यांदाच उशिरा पोहोचली. हत्तीणआजींना तर आनंद गगनात मावेना. दोडक्यांच्या आधी त्यांना उशिरावरून बोलायला मिळालं.

तात्पर्य : बाळांनो, आईला वेळ देता येत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. आधी एखादा धंदा काढा. तिने रीतसर नाव नोंदवलं की वेळ आपोआप निघतो.