नानांची एक जादा ओळ

नानांनी घरातल्या घड्याळाचा सेकंदकाटा उपटून टाकला होता. "मिनिटकाटा शे ना? मंग हाऊ कसाले?" दाराची बेलही याच न्यायाने गेली, कारण कडी होती. शर्टाचं गळ्याचं बटण तर ते शिंप्याला लावूच देत नसत.

नाना म्हणजे आमच्या धुळ्याच्या गल्लीतले निवृत्त गणिताचे मास्तर. समोरच माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान. निवृत्तीनंतर ते हौसेने प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि हार्ड डिस्क पुसून तिचे भाग पाडणारा एक प्रोग्रॅम त्यांनी मला करून दिला. गिऱ्हाइकांच्या मशीनवर तोच चालायचा. उत्तम चालायचा, तरी दर रविवारी नाना त्यातला जादा कोड काढायला हजर. "बठ्ठं फालतू शे," असं सगळ्यालाच म्हणत स्वतःच्याच ओळी नापास पोराच्या पेपरासारख्या खोडत.

बोलण्यातही हीच काटछाट. आमच्याकडे चहाला पहिल्यांदा 'नको' म्हणायची रीत आहे, ते कुणी खरं धरत नाही. नाना धरत. "च्या लेशी का?" "नको." विषय संपला. मग त्यांच्या पत्नी, अक्का, आतून येऊन पुन्हा विचारत, तेव्हा कुठे पाहुण्याला चहा मिळे. अक्का गेल्या आणि हळूहळू माणसं यायची थांबली. "बरं झालं, गर्दी फालतूच व्हती," नाना म्हणत. मला ते कधीच खरं वाटलं नाही.

एका रविवारी प्रोग्रॅम वाचताना मला घबाड सापडलं. डिस्क पुसण्याआधी तो विचारी, 'पुसू का?' हो म्हटलं की पुन्हा तेच, 'पुसू का?' मास्तरांची चूक सापडण्याचं सुख काही औरच.

"नाना, हा प्रश्न दोनदा आलाय. काढू?"

"ऱ्हाऊ दे."

"अहो, फालतू आहे."

नानांनी चष्मा काढून पुसला. "तुन्ही अक्कानी लिखाले लावेल शे तो. म्हने, एकदाव इचारं त मानूस खरं सांगत नही."

मला फार वाईट वाटलं. ओळ तशीच ठेवून मी मशीन बंद केलं आणि त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो.

"च्या लेशी का?"

सवयीने माझ्या तोंडून "नको" निघून गेलं. नाना खुर्चीत बसले. मी चपला घालून दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून चाचरत आवाज आला.

"लेशी का?"

"अर्धा कप," मी म्हटलं आणि चपला काढल्या.