शेवग्याची मोळी

आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा वीज जाते. सांगून सवरून जाते. देखभालीच्या कामासाठी अमक्या भागात दिवसभर वीज बंद राहील, असं आदल्या दिवशी पेपरात छापून येतं. त्या दिवशी सगळी गल्ली वैतागलेली असते. पंखे बंद, मिक्सर बंद, मोटार बंद म्हणून टाकीत पाणी नाही. फक्त एक बाई त्या दिवशी लग्नाला निघाल्यासारखी पहाटेच आवरून बसते. अंबाडा घट्ट, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि मोपेडच्या हुकाला कोयता. वीज बंद करून मंडळाची माणसं तारांना लागणाऱ्या फांद्या छाटतात, आणि त्या फांद्या अंबुजाक्कांना होणा असतात. तंजावूरच्या मराठीत ‘पाहिजे’ला ‘होणा’ म्हणतात.

अंबुजाक्का माझ्या घरमालकीण. बँकेनं सांगलीहून माझी इथं बदली केली, तेव्हा मराठी बोलणारं घर मिळतंय म्हटल्यावर मी वरची खोली न बघताच हो म्हणून टाकलं. मराठे राजे इथं होते त्या काळापासून त्यांचं घराणं इथलं. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, लग्न केलं नाही, सत्तरी मागं पडली. मराठी अस्खलित बोलतात, पण वाचायचं म्हटलं तर तमिळ. माझी मराठी त्यांना फारशी पसंत नाही. “तू बोलतोस ते बातम्यांसारखं लागतं,” असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

खोली न बघता घेतल्याचं फळ मला दुसऱ्या दिवशी मिळालं. मे महिना होता. तंजावुरात मे महिन्यात नळाला येतं त्या पाण्यात पत्ती टाकली तर चहा होईल. मी घामानं निथळत गार पाण्याची आशा धरून खाली आलो, तर परसात तांब्याचा बंब धडधडत होता आणि अक्का फुंकणीनं जाळ फुलवत होत्या.

“अक्का, या उन्हात कढत पाणी कशाला?”

“थंड पाण्यानं नाहून कोण चांगलं झालं आहे?” त्यांनी विचारलं. मला चटकन एकही नाव सुचलं नाही, म्हणून मुकाट्यानं बादली उचलली.

गीझरचं नाव काढायची सोय नाही. “भिंतीला टांगलेला डबा. आंत काय जळतं दिसत नाही की. मी काय म्हणून विश्वास ठेवू?” बंबाचं जळण मात्र विकत आणायचं नाही, हा नेम. वखारीतलं लाकूड कोणाचं, कोठें तोडलं, किती वाळलं, काही माहीत नसतं. आपण आणावं, आपण फोडावं, आपण रचावं. उभ्या झाडाला त्या कोयता लावत नाहीत. पडलेलं किंवा दुसऱ्यानं तोडलेलं तेवढंच घेतात. वायरमन मंडळी त्यांना इतकी सरावली आहेत की वरून ओरडून विचारतात, “अम्मा, केवढं तोडू?” आणि अक्का खालून कोयत्यानं माप दाखवतात. काम झालं की सगळ्यांना ताक. गल्लीत वीज नाही, टाकीत पाणी नाही आणि आमच्या दारात वायरमनांची पंगत, हे शेजाऱ्यांना अजून पचलेलं नाही.

परसाच्या भिंतीला त्यांची रास असते. सालीची बाजू वर, खाली विटा, मधे वारा जायला फटी. इथला मोठा पाऊस कार्तिकात येतो, तेव्हा त्या आधी राशीवर ताडपत्री घालतात आणि मग स्वतःच्या डोक्यावर पदर घेतात. लाकूड वाळलं की नाही ते दोन तुकडे एकमेकांवर आपटून, कान देऊन ठरवतात. हीच परीक्षा त्या माणसांनाही लावतात. आमच्या शाखेत नवा मॅनेजर आला आणि घरमालकिणीला भेटावं म्हणून चहाला आला. तासभर बोलून गेल्यावर अक्का म्हणाल्या, “ओला आहे. धूर फार.” शेजारची सून नवऱ्याशी भांडून माहेरी गेली तेव्हा सगळे हळहळले. अक्का म्हणाल्या, “वाळू दे. आता हात लावू नको.” ती महिन्याभरानं आपली आपण परत आली, त्यामुळे अक्कांचा भाव गल्लीत आणखी वधारला.

झाडांची प्रतवारीही पक्की. चिंच पहिली. चिंच म्हणजे घरंदाज, उशिरा पेटते पण दुपारपर्यंत निखारा ठेवते. मग सुरूचं लाकूड. वेडी बाभूळ चालते, पण काट्यांबद्दल तिला रोज दोन शब्द ऐकावे लागतात. कडुनिंब बंबात घालायचा नाही, देवीचं झाड. आणि सगळ्यांत खाली, पंक्तीच्या बाहेर, शेवगा. “तें लाकूड म्हणायचं? शेंगा खाव्या, पाला खावा आणि नमस्कार करावा. जाळलं तर धूर तेवढा होतो, पाणी सोवळ्यात राहतं.”

आणि तरीही दर मंगळवारी त्या पापनाशम गावाच्या बाजूनं मोपेडवर येत, तेव्हा मागं मोळी असे ती शेवग्याची.

मला आधी वाटलं, नजर गेली असेल. मग वाटलं, बुद्धी गेली असेल. परसात वेगळ्या कोपऱ्यात शेवग्याची स्वतंत्र रास होती, नीट रचलेली, भुगा होत चाललेली. बंबात तिच्यातली एक काटकी जात नसे. मी एकदा छेडलं, “अक्का, हा शेवगा कशासाठी? म्युझियमला देणार?”

“तुला फार बोलायला होतं,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांची मोपेड दुरुस्तीला गेली म्हणून हे कोडं सुटलं. मंगळवार होता. अक्का सकाळपासून दारात येरझारा घालत होत्या. शेवटी मीच म्हटलं, माझ्या स्कूटरवर चला. पापनाशमच्या अलीकडे पाटाच्या कडेनं एक रस्ता भातशेतांत उतरतो. तिथं पहिल्याच घरापाशी त्यांनी मला थांबवलं. कौलारू घर, काटक्यांचं कुंपण, आत शेवग्याचं झाड. कुंपणाबाहेर केळीच्या सोपटानं बांधलेली मोळी उभी केलेली. अक्कांनी घराकडे पाहिलंसुद्धा नाही. मोळी आडवी केली, एकेका काटकीचं टोक उजेडात धरून पाहिलं, बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “सेरी, ठीक. बरी आहे. चल.”

“कोण बरी आहे?”

“चंपी. माझी धाकटी.”

परतीच्या वाटेवर माझ्या पाठीमागून, वाऱ्यात निम्मं उडून जात, सगळं ऐकू आलं. आई गेली तेव्हा तेराव्या दिवशी चंपाबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, अक्का आईकडे पाहुणीसारखी यायची. शेवटचं आजारपण चंपाबाईंनी काढलं होतं, आणि अक्का ड्युट्या करत होत्या. अक्का पानावरून उठल्या त्या उठल्याच. त्यानंतर बोलणं नाही. पुढं चंपाबाईंचे यजमान गेले, मुलगा परदेशी गेला, तरी नाही. मग एका वर्षी मोठं वादळ झालं. घर उभं आहे का ते रस्त्यावरून पाहून यावं म्हणून अक्का गेल्या. शेवग्याची फांदी कुंपणाबाहेर पडली होती. तेवढ्यात दार वाजलं. पाहायला आले असं दिसू नये म्हणून अक्कांनी चटकन ती फांदी उचलली आणि मोपेडला बांधली, जळणासाठी आल्यासारखी. पुढच्या मंगळवारी गेल्या तर कुंपणापाशी मोळी तयार.

“एका घावात तोडते ती. तिरका काप, सुरीनं काकडी कापावी तसा. लहानपणापासून तसाच हात. तें टोक पाहिलं की मला कळतं, हातात जोर आहे, डोळा बरा आहे, जेवते आहे.”

“मग विचारायचंच की, कशी आहेस म्हणून.”

“विचारलं तर तिला कळेल की मी विचारलं,” अक्का म्हणाल्या.

मला हसूही आलं आणि रागही आला. दोन म्हाताऱ्या बहिणी, मधे एक कुंपण, आणि ख्यालीखुशाली विचारायला एक नालायक लाकूड.

मोपेड परत आल्यावर अक्का पुन्हा एकट्या जाऊ लागल्या. मार्गळी या तमिळ मार्गशीर्षाच्या थंडीत, म्हणजे आपल्याकडच्या माणसाला जिचा पत्ताही लागणार नाही अशा थंडीत, एका मंगळवारी त्या मोळी घेऊन आल्या, पण रचायला गेल्या नाहीत. परसात तशाच उभ्या राहिल्या. मला हाक मारून एक काटकी हातात दिली. टोक चेचलेलं होतं. दोन-तीन घाव घालून जमलं नाही, मग पिरगाळून तोडलेलं, साल लोंबत होती. दुसरी तशीच. सगळी मोळी तशीच. शेवग्यासारखं मऊ लाकूड ज्या हाताला एका घावात तुटत नाही, त्या हाताला काय झालं असेल, हे मलाही कळलं. अक्कांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. “मोहन, स्कूटर काढ,” म्हणाल्या.

कुंपणापाशी मात्र पाय अडला. फाटकाला हात लावायच्या, काढायच्या. अखेर बाहेरूनच ओरडल्या, “हें तोडणं झालं? उंदीर लावला होतास का?”

आत कडी वाजली. मग दार किलकिलं झालं. अक्कांसारखंच नाक, अक्कांसारखाच अंबाडा, फक्त बाई निम्म्या अंगाची. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

“खांदा धरला आहे. हात वर होत नाही की.”

“केव्हापासून?”

“दुखतो दिवाळीपासून. वर होईना झाला तो या आठवड्यात.”

“मग तोडतेस काय म्हणून?”

चंपाबाई उंबऱ्याकडे बघत राहिल्या. “न तोडून कसं? मोळी नाही दिसली तर तू येशील का?”

आता फाटक अक्कांनी ढकललं की आपसूक उघडलं, मला ठाऊक नाही. त्या आत गेल्या, बहिणीला ओट्यावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि तो हात पदरातून काढून आपल्या मांडीवर घेतला. पंजा सुजला होता. अक्का खांद्यापासून खाली चोळू लागल्या, जरा जोरातच, कारण हळू काही करणं त्यांच्या स्वभावात नाही. चंपाबाईंनी ओठ दाबून धरले.

“सांगायचं नाही मला?” अक्का म्हणाल्या. “एक फोन करता आला नाही?”

“तुझा नंबर माझ्याकडे कोठें आहे?”

जन्म टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईचा नंबर सख्ख्या बहिणीकडे नव्हता. अक्कांचे हात थांबले आणि त्या रडू लागल्या, अगदी लहान मुलीसारख्या, नाक ओढत. मला तिथं उभं राहवेना. मी स्कूटरकडे वळलो, तेव्हा धाकटी बहीण डाव्या हातानं थोरलीचे डोळे पुसत होती आणि म्हणत होती, “पाहुणी नव्हतीस ग तू. मीच फार दमले होते तेव्हा.”