पळून जातानाचा चेहरा

"ही मुलं घरातून पळून चाललेली नाहीत," संपादिकाबाई चित्र हातात धरून म्हणाल्या. "ही शाळेच्या सहलीला चालली आहेत. ह्या मुलाला तर खिडकीची जागासुद्धा मिळालेली दिसतेय."

चित्रकार मान वाकडी करून चित्राकडे बघू लागला. पुस्तक मुलांसाठीच्या साहसकथेचं होतं. एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ घर सोडून पळतात, मग जंगल, गळकी होडी, दीपगृह, चोरांची टोळी आणि शेवटच्या पानावर पुन्हा घर. आतली चित्रं झाली होती, मुखपृष्ठ तेवढं अडलं होतं आणि सोमवारी सगळं छापखान्यात जायचं होतं.

"सुटकेस छान आहे," बाईंनी समजूत काढली. "बुटांच्या नाड्यासुद्धा छान आहेत. पण पळून जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुढची ओढ पाहिजे आणि मागची धास्ती पाहिजे. सोमवारी सकाळपर्यंत तो चेहरा द्या, नाहीतर मी मुखपृष्ठावर नुसती अक्षरं छापते."

नुसती अक्षरं म्हणजे चित्रकाराच्या पोटावर पाय, आणि त्याहून जास्त नाकावर. त्याची अडचण जुनी होती. समोर नसलेली वस्तू त्याला काढताच येत नसे. समोर ठेवलेला तांब्या तो असा काढायचा की पाहणाऱ्याला तहान लागावी, पण डोळे मिटून तांब्या काढायला सांगितला तर भोपळा निघायचा. एका परीकथेतल्या चेटकिणीसाठी त्याने खुद्द सासूबाईंना खिडकीत बसवलं होतं. पुढे सासूबाईंनी हौसेने पुस्तक मागितलं, तेव्हा सगळ्या प्रती संपल्या असं त्याला सांगावं लागलं.

ह्या वेळी त्याने घरचीच दोन मुलं कामाला लावली होती. मुलगी सहावीत. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. मुलगा तिसरीत, तो जागचा हलत नसे म्हणून ठोंब्या. चित्रासाठी बसायला ठोंब्या म्हणजे सोनं होता. भिंगरीला काढायचं म्हणजे उडती माशी काढण्यापैकी होतं.

शनिवारी सकाळी आई आपल्या दवाखान्यात गेली. ती दातांची डॉक्टर होती आणि शनिवारी तिच्याकडे गर्दी असे. ती गेल्यावर चित्रकाराने दोघांना सुटकेस घेऊन दारात उभं केलं.

"आता पळून चाललोय असा चेहरा करा."

भिंगरीने डोळे वटारले आणि गाल आत ओढले. आईच्या दवाखान्याबाहेर असे चेहरे रोज बसलेले असत.

"बाबा, आपण पळून का चाललोय?" ठोंब्याने विचारलं.

"आईबाबांचा राग आलाय म्हणून."

"तुमचा?"

"माझा नाही रे. पुस्तकातल्या आईबाबांचा."

"मग त्यांना सांगायचं ना राग आलाय म्हणून. पळायचं कशाला?"

"कादंबरीत तसं लिहिलंय म्हणून."

 तासभर खटपट करून चित्रकाराच्या नाकी नऊ आले. मग त्याच्या मनाने घेतलं की दोष मुलांचा नसून दाराचा आहे. स्वतःच्या दारात उभं राहून कुणाला पळाल्यासारखं वाटेल? त्याने दोघांना सुटकेससकट कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर नेलं, बाकावर बसवलं आणि नियम सांगितले.

"मी समोर सलूनमध्ये बसतो. माझ्याकडे बघायचं नाही, हात करायचा नाही. कुणी काही विचारलं तर माझं नाव काढायचं नाही. आपण खरंच पळून चाललोय असं समजायचं. मनापासून केलं की चेहरा आपोआप येतो."

शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं. भिंगरीने ते नीट लक्षात ठेवलं, आणि तिथेच घोटाळ्याची सुरुवात झाली.

सलूनवाला मात्र असा फुकट बसू देणाऱ्यातला नव्हता. "खुर्ची अडवायची तर केस कापून घ्या," तो म्हणाला. चित्रकाराने मान्य केलं. खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कापड गुंडाळून घेतलं, कापडाबाहेर दोन हात काढले, फोन बंद केला आणि वही उघडली. वर कात्री चालू, खाली पेन्सिल.

थांब्यावर पहिले पोहोचले शेजारचे काका. काका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते, आणि पोहोचायला हवी ती गोष्ट पोहोचली नाही तर त्यांना अजूनही चैन पडत नसे.

"काय रे बाळांनो, एकटेच? आणि सुटकेस कसली?"

"आम्ही पळून चाललोय," ठोंब्या म्हणाला. त्याला खोटं बोलायला शिकवलेलं नव्हतं आणि सकाळपासून सगळे त्याला हेच सांगत होते.

"पळून? बाबांना माहीत आहे का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांचं नाव काढायचं नव्हतं. "आम्ही काही सांगू शकत नाही," भिंगरी म्हणाली.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. चित्रकाराला काचेतून काका दिसत होते, पण ते चित्रात नको होते, म्हणून त्याने त्यांना वगळलं आणि सुटकेसच्या कडीची छटा भरू लागला.

काकांनी आधी चित्रकाराला फोन लावला. तो बंद. मग दवाखान्यात लावला. वाहनांच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून त्यांनी रस्त्याकडे पाठ केली, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ओरडून सांगायला सुरुवात केली. "डॉक्टर, घाबरू नका. तुमची मुलं घर सोडून पळाली आहेत. पण मी धरलीत. माझ्या मागेच बसली आहेत." बोलता बोलता ते वळले. "म्हणजे, बसली होती."

मधल्या वेळात बस येऊन गेली होती. चित्रकाराला ती दिसली, नव्हे, बाक दिसेनासा झाला म्हणून तिचा रागही आला. बस हलली. बाकावर सुटकेस होती. शेजारी काका फोन धरून उभे होते. दुसरं काही नव्हतं. त्याच्या मनात आलेला पहिला विचार असा, की आता बाकाच्या पट्ट्या नीट दिसतायत. दुसरा विचार आला तेव्हा वही खाली केसांत पडली होती आणि तो कापडासकट रस्त्यात होता.

"मुलं कुठायत?" तो काकांवर ओरडला.

"तुमची पळून गेली," काका म्हणाले. मग त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. डावी बाजू बारीक झाली होती, उजवी तशीच होती. "तुम्ही पण घाईत निघालात वाटतं."

दवाखाना पुढच्याच गल्लीत होता. आई हातमोज्यांसकट धावत आली. तिचा फोन दवाखान्यातच राहिला होता. तिच्यामागोमाग तिचा पेशंटही आला, कारण त्याच्या अर्ध्या जबड्याला इंजेक्शन दिलेलं होतं, गालात कापूस होता, आणि डॉक्टरला डोळ्यांआड होऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. हे गृहस्थ ड्रायव्हिंग स्कूलचे सर होते. त्यांनी खुणेने आपली गाडी दाखवली.

गाडीत आणखी एक पेच निघाला. सर सवयीने शिक्षकाच्या सीटवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत ते दुसरीकडे बसलेच नव्हते. त्यांना बोलता येत नव्हतं आणि वाद घालायला वेळही नव्हता. आई शिकाऊ माणसाच्या जागी बसली, चित्रकार आणि काका मागे बसले, सुटकेस काकांच्या मांडीवर आली आणि गाडी बसच्या मागे निघाली. निघाली म्हणजे आईने वेग वाढवला की सरांचा पाय त्यांच्याकडच्या ब्रेकवर पडायचा. त्यात त्यांचा दोष नव्हता, पायालाच वळण लागलं होतं. "हऊ, हऊ," ते कापसातून म्हणत. बस लांब जात राहिली. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना त्याने काळजीने आत डोकावून पाहिलं.

"तू मुलांना पळून जायला सांगितलंस?" आईने आरशातून विचारलं.

"जायला नाही सांगितलं. चाललोय असं दाखवायला सांगितलं."

"फरक काय?"

सकाळी त्याला तो फरक व्यवस्थित माहीत होता.

"पोलिसांत द्यायची वेळ आली तर वर्णन लागेल," काका म्हणाले. "सांगून ठेवा. मुलाने काय घातलंय?"

"निळा शर्ट," चित्रकार म्हणाला. "वरचं दुसरं बटण तुटलंय, तिथे पांढरा दोरा लोंबतोय. डाव्या बुटाची नाडी एकेरी गाठीची. पायमोज्याचं रबर सैल झालंय, मोजा घोट्यावर आलाय."

"वा. आणि चेहरा?"

चित्रकाराने तोंड उघडलं. सकाळपासून तो त्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याच्यात काय नाही तेवढंच शोधत होता. "चेहरा जमला नव्हता," असं म्हणायला गेला आणि मधेच त्याला रडू फुटलं. अर्धे केस कापलेला, गळ्यात सलूनचं कापड असलेला माणूस मागच्या सीटवर हुंदके देऊ लागला. आईने हातमोजा काढून मागे हात केला, आणि त्याने तो धरला. सरांनी ब्रेकवरचा पाय उचलला, तो पुन्हा ठेवलाच नाही.

शेवटच्या थांब्यावर बस उभी होती. आत कुणी नव्हतं. कंडक्टर पायरीवर बसून पाणी पीत होता.

"दोन मुलं? हो, होती की," तो म्हणाला. "शाळेचा पास दाखवला. दोन थांबे गेल्यावर धाकटा म्हणाला, आला. थोरलीने त्याचं तोंड नीट बघितलं, म्हणाली, हो आला, हलवू नकोस, आणि दोघं उतरून समोरच्या परतीच्या बसमध्ये बसली. काय आलं ते मला नाही कळलं. उलटी येत असेल म्हणून मीपण अडवलं नाही."

चित्रकाराला कळलं. काकांनी खाली उतरवून ठेवलेल्या सुटकेसवर तो मटकन बसला. पोरं पळाली नव्हती, चेहरा आणायला गेली होती. दुसऱ्या कुणाच्या पोरांनी बापाचं वाक्य असं तंतोतंत पाळलं असतं, ह्याची त्याला खात्री वाटेना.

परतताना आईने गाडी अशी मारली की सरांनी दोन्ही हातांनी आपला जबडा धरून ठेवला, आणि शिकवणी संपली असं समजून खिडकीबाहेर बघत राहिले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. भिंगरी आणि ठोंब्या बाकावर बसलेले होते. भिंगरीसुद्धा बसलेली होती, हे विशेष. ती दोघं मघाशीच परत आली होती. आलेला चेहरा सांडू नये म्हणून ठोंब्या दोन थांबे कुणाशी बोललाही नव्हता. दोघं सलूनमध्ये गेली तर खुर्ची रिकामी, आणि बाबा कुणाला हात लावू देत नसत ती वही खाली केसांत उघडी पडलेली.

"बाबा कुठायत?" भिंगरीने विचारलं होतं.

सलूनवाल्याला जेवढं दिसलं होतं तेवढं त्याने सांगितलं. "पळाले. अर्ध्या केसांनी पळाले. मग तुमची आई आली, ती एका माणसाच्या गाडीत बसली, तुमचे बाबा पण बसले, आणि सुटकेस घेऊन गेले. बसा इथंच, येतील."

आईबाबा सुटकेस घेऊन गेले, ह्याच्यापुढचं ठोंब्याने ऐकलं नाही. तो थेट बाकावर जाऊन बसला आणि बस गेली त्या दिशेला बघू लागला.

गाडी थांबली तेव्हा तो तसाच बसला होता. मान पुढे, हात मागे बहिणीच्या मुठीत, खालचा ओठ दातांखाली. रस्त्याच्या टोकाला कुणी दिसेल अशी ओढ डोळ्यांत होती आणि कुणीच आलं नाही तर काय, ही धास्तीही होती. संपादिकाबाईंनी मागितलेला चेहरा, एका रेषेचाही फरक नाही. ऊन बाजूने येत होतं. चित्रकाराच्या कानामागे पेन्सिल होती.

तो जवळ गेला, गुडघ्यांवर बसला आणि गळ्यातल्या सलूनच्या कापडाने त्याने तो चेहरा खसाखसा पुसून टाकला. त्याला कापलेले केस चिकटले, ठोंब्या शिंकला आणि मग मोठ्याने रडला. त्याला आईने उचललं. भिंगरीने बाबांचा गळा धरला आणि त्यांचं डोकं पाहून ती आधी दचकली, मग हसायला लागली, मग तीही रडली. काकांनी सुटकेस बाकाशेजारी ठेवली आणि सगळं ज्याचं त्याला पोचलं म्हणून नाक शिंकरलं.

"तुम्ही कुठे पळून गेला होतात?" ठोंब्याने हुंदके देत विचारलं.

"तुमच्या मागे," आई म्हणाली.

"पण आम्ही इथेच होतो."

"हो रे राजा. इथेच होतात."

"हे ठीक आहे," सलूनवाला दारातून म्हणाला. "पण उरलेलं अर्धं डोकं आत आणता का? गिऱ्हाईकं बघून परत चाललीत." त्याच सुमारास सरांच्या जबड्याची बधिरता उतरू लागली. त्यांचं पहिलं स्पष्ट वाक्य "डॉक्टर, दुखतंय" असं होतं, आणि आई ठोंब्याला कडेवर घेऊनच दवाखान्याकडे निघाली.

रविवारी दुपारी चित्रकार कागद घेऊन बसला. मुलांना त्याने हाक मारली नाही. दोघं आतल्या खोलीत भांडत होती आणि तो आवाज त्याला बरा वाटत होता. बाक समोर नव्हता, थांबाही नव्हता. डोळे मिटले की ते सगळं मात्र आपणहून समोर येत होतं. मधेच एकदा तो उठून आतल्या खोलीत डोकावून आला आणि पुन्हा बसला.

सोमवारी सकाळी संपादिकाबाईंनी चित्र टेबलावर ठेवलं. रिकामा बाक. बाकावर सुटकेस. लांब वळणावर बसची मागची बाजू. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे बघून घरी फोन करावासा वाटतोय," त्या म्हणाल्या. मग त्यांना भान आलं. "पण मुलं कुठे आहेत?"

"घरी आहेत," चित्रकार म्हणाला, आणि इतक्या समाधानाने म्हणाला की बाईंनी पुढे काही विचारलं नाही.