लाली आढळली नाही

त्वचारोग हा लाल असतो. शास्त्राने हे एकदा ठरवून दिले आहे. ज्याची त्वचा ते मानत नाही, त्याला रोग झालेलाच नसतो.

गुणाबाईला चार महिन्यांपासून कमरेला खाज होती. सिंदेवाहीकडच्या तिच्या गावात धानाचा रोवणा दहा दिवसांवर आला होता. रोवण्याला दोन्ही हात चिखलात लागतात. गुणाबाईचा एक कायम कमरेवर.

"यंदा अर्धीच बाई येऊन राह्यली का वो?" रोवणाऱ्या बायकांच्या टोळीतली मीराबाई म्हणाली.

टोळीतून नाव कटायची वेळ आली, तेव्हा गुणाबाई त्वचा तपासणी शिबिरात गेली.

शिबिर शिस्तीचे होते. आरोग्यसेवक धनराजजवळ प्लास्टिकमध्ये मढवलेला तक्ता होता. त्यावर सोळा रोग, सोळाही गुलाबी पाठींवर. (पाठी परदेशी असाव्यात, घामोळे एकीलाही नव्हते.) तक्त्याशी जुळेल त्याने आत डॉक्टरकडे जायचे, न जुळेल त्याने घरी.

धनराजने गुणाबाईची कंबर पाहिली, मग तक्ता पाहिला.

"लाल नाई, बाई."

"खाजवून खाजवून जीव जाऊन राह्यला, भाऊ."

"खाजेचा रकाना नाई. लाल असन तं दाखवा."

"आता लाल मी कुठून आणू?"

हा प्रश्न धोरणात्मक असल्याने धनराजने तो वर कळवला.

दुपारपर्यंत दोनशे बारा जण तपासले गेले. दोनशे अकरा निरोगी निघाले. एक रुग्ण सापडला: उद्घाटनाला आलेले साहेब. (दहा मिनिटे उन्हात भाषण केले होते.) त्यांना ताबडतोब मलम मिळाले.

निरोगी गुणाबाई खाजवत बाहेर निघाली. वाटेतल्या खोलीत खिडकीशी एक काळीसावळी बाई टेबल पुसत होती.

"बाई, मोठ्या डॉक्टर मॅडम कवा येतीन?"

"बसा. उजेडात या जरा. कंबर दाखवा."

बाईने तक्ता मागवला नाही. बोटाने कड चाचपली, घरात आणखी कोणाला खाजते ते विचारले.

"नायटा हाय. आपल्या अंगावर लाल नाई दिसत, काळपट दिसते. महिनाभर मलम लावा. बरं वाटलं म्हून मधातच सोडू नका." आणि ती चिठ्ठी लिहू लागली.

"तुमी लिवून राह्यल्या," गुणाबाई हळूच म्हणाली, "मॅडम रागावतीन ना."

"मीच मॅडम. सकाळपासून एकच पेशंट आला, साहेब. मंग टेबल पुसून राह्यली."

दहा दिवसांनी रोवण्यात गुणाबाईचे दोन्ही हात चिखलात होते. एका गोष्टीची मात्र तिला अजून लाज वाटते: स्वतः काळी असून काळ्या बाईत तिला डॉक्टर दिसली नाही. पण ती पडली अडाणी. वाचक शिकलेले आहेत. त्यांनी टेबल पुसतानाच डॉक्टर ओळखली असणार, यात शंका घ्यायला जागा नाही.