मास्तर कोणाकडचे?

बायको गेल्यापासून टेलरमास्तर बोलेनासे झाले होते. भांडण नाही, रुसवा नाही; बोलणंच आटलं होतं. चहा हवा का विचारलं की कपाकडे बघत बसायचे. शेवटी सून नवऱ्याला म्हणाली, "अहो, बाबांना कुठेतरी देवदर्शनाला नेऊ या. चार देवळं पाहतील, माणसांत येतील. तोंड तरी उघडेल."

मुलाने रजा काढली, मेहुण्यालाही गळ घातली आणि दोन गाड्या भरून मंडळी त्या जुन्या देवळांच्या गावात पोचली. गाव कोरडं, धुळकट. नदीसुद्धा त्याला टाळून लांबून जाणारी. विष्णूच्या देवळात सगळ्यांनी हात जोडले तेव्हा मास्तरांनी जोडले, सगळे निघाले तेव्हा तेही निघाले. हल्ली त्यांचं असंच चाले. कोणी बसा म्हटलं की बसायचं, उठा म्हटलं की उठायचं.

त्यामुळे देवळाबाहेरच्या एका मिनीबसच्या दारातून एक ठसठशीत बाई जेव्हा ओरडली, "चढा काका लवकर, तुमच्यापायीच खोळंबलोय सगळे!" तेव्हा मास्तर चढले.

इकडे मुलाला वाटलं, बाबा मेहुण्याच्या गाडीत आहेत. मेहुण्याला वाटलं, मुलाच्या गाडीत आहेत. दोन्ही गाड्या निर्धास्तपणे महादेवाच्या देवळाकडे निघून गेल्या.

मिनीबसमध्ये नुकत्याच झालेल्या लग्नाने सोयरी झालेली दोन घरं होती. ओळखी वाढाव्यात म्हणून एकत्र सहलीला निघालेली, आणि ओळखी वाढल्यामुळेच एकमेकांवर धुसफुसणारी. मुलाकडच्यांना वाटलं, हे मुलीकडचे कोणी वडीलधारे. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे. त्यामुळे दोन्हीकडून सरबराई सुरू झाली. कोणी पाण्याची बाटली दिली, कोणी पाठीला उशी लावली.

आपण परक्यांत आलोय, हे मास्तरांना पहिल्याच वळणावर कळलं. सांगायला ते तोंड उघडणार, इतक्यात ती ठसठशीत बाई, म्हणजे नवऱ्यामुलाची मावशी, शेजारी येऊन टेकली. "काकू नाही आल्या?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी केला नव्हता. घरात सगळ्यांनाच उत्तर ठाऊक होतं.

"गेली ती," मास्तर म्हणाले. आवाज गंजक्या कात्रीसारखा निघाला.

"अगं बाई! कशा होत्या हो?"

महादेवाचं देऊळ येईपर्यंत मास्तर सांगत होते. ती काजं कशी करायची, सुई हरवली की घर कसं डोक्यावर घ्यायची, आपण गळ्यात टेप ठेवूनच जेवायला बसलो की कशी चिडायची. मावशींनी दोनदा डोळे पुसले. मग इतकं मन मोकळं झालंच आहे तर, म्हणून स्वतःचंही गाऱ्हाणं मांडलं. "लग्नाच्या मोठ्या फोटोत तुमच्या माणसांनी मला मुद्दाम वगळलं, काका!"

पुढच्या बारवेच्या पायऱ्यांवर मुलीच्या वडिलांनी त्यांना गाठलं. "तुमच्या मावशीबाई आमच्या पोरीला येता-जाता टोमणे मारतात."

मास्तरांनी दोघांनाही सांगितलं, "ताणून धरलं की कापड आधी शिवणीतच उसवतं." दोघांनाही ते पटलं, समोरच्याने ऐकायला हवं, असंही वाटलं. मग संग्रहालयाच्या आवारात, हातपाय तुटलेल्या मूर्तींच्या सावलीत दोन्ही घरं समोरासमोर बसली आणि मास्तर मधे. दुपार कलेपर्यंत ते बोलले.

त्याच वेळी, बाबा कोणत्याच गाडीत नाहीत हे कळून सगळं गाव धुंडाळलेला मुलगा टेकडीवरच्या देवीच्या देवळात ध्वनिक्षेपकवाल्यासमोर उभा होता.

"शर्ट कोणता?" त्याने विचारलं.

"निळसर," मुलगा म्हणाला.

"पांढरा होता," सून म्हणाली.

"कोट होता ना?" मेहुणा म्हणाला.

"काहीतरी खूण सांगा की!"

बाबांनी स्वतः शिवलेला शर्ट, आणि मुलाला तो आठवत नव्हता. "ते बोलत नाहीत," तो एवढंच म्हणाला.

मिनीबस टेकडीवर पोचली तेव्हा कर्ण्यातून घोषणा चालली होती : "एक वृद्ध, अजिबात न बोलणारे गृहस्थ हरवले आहेत हो..."

"कसली माणसं असतात!" मावशी कडाडल्या. "म्हाताऱ्या माणसाला विसरून जातात!"

"बिचारा," मास्तर म्हणाले. क्षणभर त्यांना त्या माणसाचं खरोखर वाईट वाटलं. मग तो माणूस आपणच, हे लक्षात आलं. आता सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलंही. पण तेवढ्यात त्यांना फोटोसाठी ओढून मधोमध उभं केलं. एका बाजूला मुलीचे वडील, दुसऱ्या बाजूला मावशी.

"तुमचे काका म्हणजे देवमाणूस," मुलीचे वडील म्हणाले.

"आमचे? तुमचे ना?"

दोन्ही घरं मास्तरांकडे बघत राहिली. ज्याच्यापुढे घरची सगळी धुणी धुतली, तो कोणाचाच कोणी नव्हता.

"बाबा!" मुलगा धावत आला आणि त्याने त्यांना घट्ट मिठी मारली. त्याचा सगळा चेहरा ओला झाला होता. "कुठे होता तुम्ही? काय झालं? बोला ना!"

मास्तरांना सगळंच बोलायचं होतं. त्याच्या आईबद्दलही. त्यांनी तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. एवढ्या महिन्यांचं दिवसभरात बोलल्यामुळे घसा पार बसला होता. त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं. सुनेने लगबगीने पाणी दिलं.

"अहो, दिवसभर बोलत होते!" मावशी म्हणाल्या. "किती गोड बोलतात!"

मुलाने हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.

परतीच्या वाटेवर गाडीत सून म्हणाली, "भली माणसं होती."

"भली होतीच. आपल्याला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलली." मुलाने सुस्कारा सोडला. "एवढी देवळं केली, पण काही उपयोग नाही बघ."

मास्तरांनी मागून त्याच्या खांद्यावर थोपटलं. एकदा, मग जरा जोरात.

"झोपा बाबा," मुलगा म्हणाला, "घर अजून लांब आहे."